वेल्डरच्या कॅनडा पीआरची सुरुवात अनुभवाच्या पत्रापासून करा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्याच्या ऑफिसात मी चौदा वर्षं काम करते. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, आणि कामगार सोडून जाताना द्यायचं अनुभवाचं पत्र, हे सगळं माझ्याच टेबलावरून जातं. अलीकडे त्या पत्रासाठी येणारी पोरं एकच म्हणतात, "मॅडम, कॅनडाला चालेल असं द्या की." माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे आणि सध्या कॅनडात सस्कॅचेवानमध्ये काम करतो. त्याची सगळी फाईल मी घरी रात्रीची भांडी झाल्यावर बसून तयार केली. त्यात जे शिकले ते आपल्या भागातल्या आयटीआयच्या पोरांसाठी लिहून ठेवते.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते गाळून शुद्ध करायच्या कामासाठी, पिढ्यान्‌पिढ्या देशभर गेली. गावच्या माणसानं गावच्या माणसाला बोलावलं, हाताला काम येत होतं, तेवढ्यावर संसार उभे राहिले. कॅनडात कायमचं राहायचं, म्हणजे पीआर मिळवायचा, तर हाताला येणारं काम कागदावर दाखवता आलं पाहिजे. आपली हुशार पोरं अडतात ती तिथंच.

आधी कुठल्या दारानं जायचं ते ठरवा. कॅनडाची एक्सप्रेस एंट्री, म्हणजे पीआरसाठी कुशल माणसं निवडायची पद्धत, २०१५ पासून आहे आणि त्यात बाहेरून येणाऱ्या कुशल माणसासाठी मुख्य दारं दोन. पहिलं फेडरल स्किल्ड वर्करचं. त्यात १०० पैकी ६७ गुण लागतात. इंग्रजीला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, तिथल्या नोकरीला १० आणि जुळवून घेण्याच्या क्षमतेला १०. माझ्या भावाचं गणित मी वहीत मांडलं. वय ३१, पूर्ण १२. अनुभव सहा वर्षांच्या वर, पूर्ण १५. शिक्षण बारावी धरलं तर ५. इंग्रजीत चारही भागांत आयईएलटीएस या परीक्षेचे ६ बँड आणले तर १६. झाले ४८. वहिनीनंही परीक्षा देऊन लागतं तेवढं इंग्रजी दाखवलं तर आणखी ५, म्हणजे ५३. हे दार त्याच्यासाठी नाही हे अर्ध्या तासात कळलं. आमच्या क्वालिटी विभागातल्या डिप्लोमावाल्या पोराचं गणित वेगळं आलं. त्याचा डिप्लोमा तिकडच्या मूल्यांकनात दोन वर्षांचा धरला तर १९, बाकी तेच आकडे, बायकोचे ५ मिळवून बरोबर ६७. काठावर, पण पास.

दुसरं दार फेडरल स्किल्ड ट्रेड्सचं, २०१३ पासूनचं. इथे ६७ गुणांची अट नाही, शिक्षणाचीही नाही. अर्जाआधीच्या पाच वर्षांत त्याच धंद्यातला किमान दोन वर्षांचा, म्हणजे ३,१२० तासांचा, पगारी अनुभव लागतो. बोलणं आणि ऐकणं यात आयईएलटीएसचे ५, वाचनात ३.५, लेखनात ४ एवढं इंग्रजी लागतं. आणि शेवटची अट सगळ्यात अवघड: तिथल्या मालकाची किमान एक वर्षाची पूर्णवेळ नोकरीची ऑफर, नाहीतर तिथल्या प्रांताचं त्या धंद्याचं सर्टिफिकेट. दोन्हींपैकी एक.

आपल्याकडे एनओसी म्हटलं की ना हरकत दाखला. तिथे एनओसी म्हणजे धंद्यांची यादी, प्रत्येक धंद्याला पाच आकडी नंबर. वेल्डर ७२१०६, मशिनिस्ट ७२१००, कारखान्यातला इलेक्ट्रिशियन ७२२०१, प्लंबर ७२३००. यात एक खाच आहे आणि कुपवाड-मिरजेतल्या सीएनसीवर काम करणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी. जो ड्रॉइंग वाचतो, मशीन सेट करतो, टूल आणि ऑफसेट ठरवतो, माप तपासतो, तो मशिनिस्टच्या नंबरात बसू शकतो. जो लावलेल्या मशीनवर जॉब चढवतो-उतरवतो तो ९४१०६ मध्ये जातो, आणि तो नंबर या दोन्ही दारांतून आत घेत नाहीत. आपल्या पत्रांत दोघांनाही 'सीएनसी ऑपरेटर' एवढंच लिहिलेलं असतं. सेटिंग करणाऱ्या माणसाचं एका शब्दानं नुकसान होतं. (आणि सेटिंग येत नसेल तर तसं लिहून मागू नका. मी देत नाही, कुणीच देऊ नये.)

आता पत्राकडे येते. भावाला त्याच्या आधीच्या कारखान्यानं दिलेलं पत्र तीन ओळींचं होतं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वेल्डर म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिकडच्या अधिकाऱ्याला याचा शून्य उपयोग. पत्र लेटरहेडवर हवं. त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, कारखान्याचा पत्ता-फोन-ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस प्रत्यक्ष काय काम करत होता ते हवं.

ते काढायला मी वही घेऊन भावासमोर बसले. "रोज काय करतोस?"

"काय आक्का, वेल्डिंग मारतो की."

नऊ वर्षं एका ओळीत. मग मी त्याला फक्त कालचा दिवस विचारला. ड्रॉइंग कोण देतं? सुपरवायझर, पण मापं मीच काढतो. पाइपच्या तोंडाला बेव्हल, म्हणजे तिरकी कड? मीच, ग्राइंडरनं. रॉड कुठला? ७०१८. उघड्यावरचाच वापरतोस? "नाही गं, ओव्हनमध्ये तापवून घ्यायचा. ओल राहिली की आत भोकं पडतात." रूट, म्हणजे तळचा पहिला थर, टिग वेल्डिंगनं, वरचे थर रॉडनं. मग डीपी टेस्ट. लाल औषध मारायचं, थोडा वेळ थांबून पुसायचं, वरून पांढरं मारायचं. चीर असली की पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उठते. रेघ उठली तर? "उकरून काढायचं आणि परत भरायचं." हे सांगताना त्याची बोटं ताटाच्या कडेवरून तशीच फिरत होती, जोड तपासल्यासारखी.

साखर कारखान्यातल्या कामाचं तो विसरूनच गेला होता. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, ते काय, सीझनला रोलरवर थेंब टाकायचं काम. मिल चालू असताना रोलरच्या झिजलेल्या दातांवर वेल्डिंगचे थेंब टाकतात, उसाची पकड सुटू नये म्हणून. ज्याला ते जमतं त्याला कारखाने हुडकत येतात. आणि एनओसीत वेल्डरच्या कामांच्या यादीत हे जवळजवळ याच अर्थानं आहे: झिजलेल्या भागांवर वेल्डिंगचे थर चढवून दुरुस्ती. ज्याला तो काम म्हणून मोजतच नव्हता ते त्याच्या फाईलमधलं सगळ्यात भक्कम वाक्य झालं.

त्या वहीतून मी आठ वाक्यं केली आणि जुन्या मालकांकडे घेऊन गेले. एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका; अधिकारी ती रोज वाचतात. तुमचं मशीन, तुमचा रॉड, तुमचा जॉब लिहा. मालक बिचकतात, त्यांना वाटतं काहीतरी भानगड आहे. तयार मजकूर हातात द्या, शांतपणे वाचायला द्या, एक-दोन चकरा मारा. पत्राच्या मागे पगारपावत्या, पीएफचं पासबुक, बँकेतल्या पगाराच्या नोंदी जोडा.

इथं आमचं नुकसान झालं तेही सांगते. भावाचे दोन सीझन एका ठेकेदाराकडे रोखीत गेले. ना व्हाउचर, ना पीएफ, ना पत्र. हजारो थेंब टाकलेले ते महिने मोजणीतून गेले. ओव्हरटाइमनं ते भरून निघत नाही, कारण आठवड्याचे ३० तासच धरतात. ७० तास काम केलं म्हणून दोन वर्षं एका वर्षात होत नाहीत. तेव्हा आज रोखीत काम करणाऱ्या प्रत्येक पोराला माझं कळकळीचं सांगणं आहे: पगार बँकेत मागा, पीएफ भरायला लावा. कॅनडाला गेलात न गेलात, तो तुमचा हक्कच आहे.

इंग्रजीसाठी आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग परीक्षा द्या. ॲकॅडमिक चालत नाही आणि चुकून तीच भरणारे बरेच भेटले. पीटीई कोअरही चालते. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. भाऊ पहिल्यांदा बोलण्यात ४.५ वर अडकला. मग रोज संध्याकाळी मी त्याला फोन करायचे आणि तो दिवसभराचं काम इंग्रजीत सांगायचा, तेच रॉड, तेच बेव्हल. शब्द त्याचेच असल्यामुळे जीभ सुटली. दुसऱ्यांदा ५.५ आले.

ऑफरच्या अटीवर एजंटांचा बाजार चालतो. आमच्याकडेही एक आला होता. बारा लाखांत ऑफर आणि एलएमआयए, म्हणजे तिथल्या मालकाला परदेशी माणूस घ्यायला लागणारी सरकारी मंजुरी, 'मिळवून देतो' म्हणाला. आगाऊ दोन लाख घेतले, ते आजपर्यंत परत आले नाहीत. आईच्या पाटल्यांचे पैसे होते ते. नीट लक्षात घ्या: एलएमआयएची १,००० डॉलर फी मालकानंच भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. खोटी ऑफर किंवा खोटं पत्र सापडलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. फी घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिकडच्या वकिलांना आणि परवाना असलेल्या इमिग्रेशन सल्लागारांना आहे. सल्लागारांची नावं त्यांच्या नियामक संस्थेच्या, कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या, जाहीर यादीत पाहता येतात. नाव नसेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आपल्याकडून कामाला माणसं पाठवणाऱ्याचा परवाना आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो.

भावाला ऑफर मिळाली ती कॅनडा सरकारच्या जॉब बँकेवरून, साठ-सत्तर अर्जांनंतर. मालकानं व्हिडिओ कॉलवर त्याला जोडाचे फोटो दाखवून चूक कुठे आहे ते विचारलं. ते त्याला येतंच.

शिल्लक दाखवायचे पैसे आपल्या लोकांना सगळ्यात जास्त दचकवतात. जुलै २०२५ च्या आकड्यांनुसार एकट्या माणसाला १५,२६३ कॅनेडियन डॉलर आणि तिघांच्या कुटुंबाला २३,३६० डॉलर दाखवावे लागतात. आकडा दरवर्षी बदलतो. बायको-मुलं मागाहून येणार असली तरी ती मोजतात. वावराची, घराची किंमत यात चालत नाही, उसनवारी तर नाहीच. बँकेच्या पत्रावर खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि कर्जं हवीत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पतसंस्थेतून उचलून भरलेले चौदा लाख त्या सरासरीत उघडे पडतात. तिथे काम करायची परवानगी आणि नोकरीची ग्राह्य ऑफर दोन्ही हातात असतील तर हे पैसे दाखवावे लागत नाहीत.

मग नाव. आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. वहिनीचं माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे. हे आधीच जुळवून घ्या, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं.

हे सगळं झालं की प्रोफाइल भरायचं. ते बारा महिने चालतं. तिथे पुन्हा वेगळे गुण, १,२०० पैकी. जास्त गुणवाल्यांना फेरीफेरीनं अर्जाचं आमंत्रण येतं, आणि अधूनमधून ठरावीक धंद्यांसाठी वेगळी फेरी निघते. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रेड्सची पहिली अशी फेरी ३८८ वर लागली होती, पण आकडा वरखाली होत राहतो, त्या एकावर भिस्त ठेवू नका. प्रांतानं निवडलं तर ६०० गुण वाढतात. आमंत्रण आलं की ६० दिवसांत सगळा अर्ज. त्यात ही पत्रं गोळा करायची नसतात, ती आधीच हातात हवीत. पोलिस दाखला पासपोर्ट सेवेतून निघतो. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच, आणि ऑगस्ट २०२५ पासून ती अर्जाआधीच करावी लागते.

भाऊ मंजुरी मिळालेल्या नोकरीवर वर्क परमिट घेऊन गेला. त्याला तिथे दहा महिने झालेत. एक वर्ष भरलं की कॅनडातल्या अनुभवाचं तिसरं दारही उघडतं; त्याला वेल्डरसाठी इंग्रजीच्या चारही भागांत कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची (सीएलबी) पाचवी पातळी पुरते. शिवाय तो रेड सीलचा, म्हणजे कॅनडाभर मानल्या जाणाऱ्या धंद्याच्या परीक्षेचा, अभ्यास करतोय. ७० टक्क्यांना पास. त्या परीक्षेला बसायलाही आधी अनुभवाचे तास सिद्ध करावे लागतात, आणि त्यासाठी गेल्या महिन्यात त्यानं मागितली ती पत्रं तीच, आठ वाक्यांची. स्कॅन करून पाठवली. मूळ प्रती कपाटात, आईच्या दवाखान्याच्या फाईलखाली आहेत.