विनोदी मालिकेत ब्लॅकमेल लिहिताय? या चुका टाळा

अहिराणी विनोदी व्हिडिओंना धुळे, जळगाव, नंदुरबारात हक्काचा प्रेक्षक आहे. आता सुटे किस्से सोडून भागांची मालिका लिहायची असेल, तर ‘तुझं बिंग फोडतो’ हा धागा हमखास हाताशी येतो. धागा उत्तम आहे. तो फसतो, कारण लेखक गुपित वाढवत बसतो आणि लाजेकडे बघत नाही.

गुपित फार मोठं घेणं

अफरातफर, लफडं, चोरी घेतली की हसू आटतं आणि प्रेक्षक पोलिसांची वाट बघू लागतो. गुपित असं हवं की बाहेरच्याला वाटावं, ‘सांगून मोकळा हो ना बाबा!’ आणि त्या माणसाला मात्र तेच मरणाहून अवघड व्हावं. बीबीसीच्या ‘फॉल्टी टॉवर्स’ या विनोदी मालिकेचे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे १२ भाग. त्यातल्या एका भागात हॉटेलमालक बॅसिल घोड्यावर ७५ पौंड जिंकतो. पैसे त्याचेच, पण बायको सिबिलने जुगार बंद केलेला. सिबिलला कळेल या धास्तीनेच तो थापेवर थाप रचत जातो. धमकी द्यायला कोणी लागतच नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शिरपूरकडच्या आप्पांनी कापूस ६,८०० रुपये क्विंटलने विकला आणि गावात ७,५०० सांगितला. वर, घाईने विकणाऱ्यांना पारावर बसून अक्कलही शिकवली. चुलतभावाने कापसाच्या जिनिंग मिलवर त्यांची पावती पाहिली. गुन्हा काहीच नाही, पण पारावरची जागा गेली तर आप्पांकडे उरतं काय? भीती त्या जागेची लिहा, कापसाच्या दराची नको.

माणसाला पळवाट ठेवणं

धमकावणाऱ्याला दारातून परत पाठवता येत असेल तर प्रसंग उभाच राहत नाही. म्हणून खानदेशातला कानबाई देवीचा सण घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, भाऊबंद एका घरात जमतात, प्रसादाचे रोट त्यांनीच खायचे असतात. चुलतभावाला आप्पा हाकलणार कसे? तो पंगतीत शेजारी बसतो आणि हळूच विचारतो, “आप्पा, पावती दखाडू का सर्वासले?” आप्पा मुकाट्याने आपल्या ताटातली पुरणपोळी त्याच्या ताटात सरकवतात.

पहिलीच मागणी भारी करणं

पुरणपोळीनंतर दोन दिवस मोटारसायकल, मग बांधावरून पाइपलाइन. चढण अशी हळूहळू हवी. पण खरा मजा धमकीच्या बाहेर आहे. “भाव चांगला मिळाला ना आप्पा, मग वीस हजार उसने द्या,” म्हणत सगळा गाव दारात येतो. नाही म्हणावं तर खोटं उघडं पडतं आणि हो म्हणावं तर खिसा रिकामा. चुलतभाऊ मागतो त्यापेक्षा आप्पांची स्वतःची थाप त्यांना जास्त लुटते. भाग इथे उभा राहतो, आणि बहुतेक लेखक नेमका हाच प्रसंग दोन वाक्यांत उरकतात. इथे थांबा, उसने मागणारे एकेक करून येऊ द्या.

धमकावणारा धुतल्या तांदळासारखा

तो जिनिंगवर गेलाच कशाला होता? आपला कापूस विकायला, त्याच दराने! हे आप्पांना उशिरा सुचलं की दोघंही एकमेकांच्या मुठीत येतात आणि पुढचे दोन भाग आपोआप मिळतात.

लाज चुकीच्या माणसावर टाकणं

सुनेचा रंग, कोणाचं तोतरेपण, शहरात आलेल्याची अहिराणी, यावर हशा काढू नका. आपल्या भाषेला आपणच विदूषक करायचं का? अहिराणी बोलणारं पात्र सगळ्यात हुशार ठेवा. आणि कोणाचा खासगी व्हिडिओ हा विनोदाचा विषय करू नका. तो दाखवून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येणारा गुन्हा आहे, आणि ज्यांच्यावर ते गुदरतं ती पोरंपोरी घराबाहेर पडायला धजत नाहीत.

शेवटी कबुलीचं भाषण

आप्पांना रडवू नका. दोघांच्या पावत्या एखाद्या निरागस हाताने बाहेर काढा: नुकतं वाचायला शिकलेली नात भर पंगतीत आकडे मोठ्याने वाचते, पहिला आप्पांचा, मग चुलतभावाचा. तिथेच कापा.