फॉरमॅट मारण्याआधी थांबा: लक्षणांवरून मालवेअरची जात ओळखताना या चुका टाळा

"कॉम्प्युटरमा व्हायरस घुसी गया," एवढ्या एका वाक्यावर खानदेशातल्या तालुक्याच्या गावात मशीन दुरुस्तीला येतं, आणि बहुतेक वेळा औषधही ठरलेलं असतं: विंडोज नवीन मारून देऊ. कपाशीची पानं लाल पडली म्हणून कोणी बोंडअळीचं औषध फवारत नाही. मालवेअरचंही, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचंही, तसंच आहे. पेनड्राइव्हमधून स्वतःच पसरणारा वर्म, ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणारं ॲडवेअर, गुपचूप चालणारा मायनर, फाइली कोंडणारं रॅनसमवेअर आणि पासवर्ड पळवणारं स्टीलर यांची लक्षणं वेगळी, उपायही वेगळे. काहींत फॉरमॅटची गरजच नसते. काहींत फॉरमॅट मारला की डेटा परत मिळायची उरलीसुरली वाट बंद होते. आणि एका प्रकारात फॉरमॅट मारूनही नुकसान चालूच राहतं.

मशीन स्लो झालं की व्हायरसवर खापर

मंदपणा हे सगळ्यात कच्चं लक्षण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीतला प्रोसेसर तेव्हा 95 ते 100 अंशांपर्यंत तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जिनिंगच्या ऑफिसात तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये रुईची गादीच बसते. वरून पंखा फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण हवा आरपार जात नाही. कव्हर उघडून ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर झोताने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून पापुद्रा झाली असेल तर बदला. सकाळी सातला नीट चालणारं मशीन दुपारी दोनला रखडत असेल, तर आधी उष्णतेकडे बघा.

टास्क मॅनेजर या विंडोजच्या चालू कामांच्या यादीत डिस्क 100 टक्के आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) मात्र 10-15 टक्के दिसत असेल, तर संशय जुन्या हार्ड डिस्कवर घ्या. सारखी लाइट जाते, यूपीएस नाही, अशा ठिकाणी डिस्क लवकर बिघडतात. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ‘कॉशन’ असा पिवळा शेरा आला की आधी डेटा दुसरीकडे काढा. इथे लोक हमखास फुल स्कॅन लावतात. स्कॅन प्रत्येक फाइल वाचतो, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या ताणातच जाते. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकले असतील, तर मंदपणाचं कारण तेच असू शकतं. एक काढा.

मग मायनर कसा ओळखायचा? हा दुसऱ्याचं क्रिप्टोचलन तुमच्या विजेवर काढतो, म्हणून प्रोसेसरला उसंत देत नाही. सगळे प्रोग्राम बंद करून मशीन दहा मिनिटं बसू द्या. निवांत मशीनचा सीपीयू साधारण 10 टक्क्यांच्या आत राहतो. सतत 60-70च्या वर असेल आणि विंडोज अपडेटही चालू नसेल, तर मायनरची शक्यता मोठी. पण काही मायनर टास्क मॅनेजर उघडताच थांबतात. तेव्हा आकड्यापेक्षा कान उपयोगी पडतो. पंखा घरघरत असताना टास्क मॅनेजर उघडा. घरघर उतरली, आणि तो बंद केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत परत चढली, असं तीनदा झालं तर चोर आत आहे. टास्क मॅनेजर उघडताना पहिले दोन-तीन सेकंद आकडा उडी मारतो, ते धरू नका. पुढच्या तपासासाठी मायक्रोसॉफ्टचाच मोफत प्रोसेस एक्सप्लोरर घ्या आणि त्याच्या फाइलचं नाव बदलून चालवा, म्हणजे मायनरला तो ओळखू येत नाही.

पेनड्राइव्हमधला शॉर्टकट ‘उघडतो का’ बघणं

विद्यापीठाचे परीक्षा फॉर्म भरायच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात एकाच मशीनला दिवसभरात पन्नास पेनड्राइव्ह लागतात. घरी येऊन बघावं तर फोल्डर तेच दिसतात, पण प्रत्येकाच्या चिन्हावर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण, आणि साइज एक-दोन केबी. हा शॉर्टकट वर्म. खरे फोल्डर पेनड्राइव्हमध्येच असतात, फक्त ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ करून लपवलेले. काही वेळा सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सरकवलेला असतो.

शॉर्टकटवर डबलक्लिक केलं की फोल्डर खरंच उघडतो, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण त्याआधी तोच शॉर्टकट वर्म चालवून मोकळा झालेला असतो, आणि आता तुमचं मशीनही बाधित. त्यापेक्षा राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘टार्गेट’ वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचे प्रोग्राम) दिसलं की निदान झालं.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि चूक बहुतेक इथेच होते. पेनड्राइव्ह आधी साफ केला तर बाधित मशीन दोन मिनिटांत परत तेच करतं. म्हणून आधी मशीन. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू आहे का बघा, ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करून ते कोणती फाइल चालवतंय ती जागा टिपून घ्या, प्रोसेस बंद करा, ती फाइल उडवा, स्टार्टअपमधली नोंद काढा. नंतर पेनड्राइव्ह लावून कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी त्याच्या ड्राइव्हवर जा आणि ‘ॲट्रिब (attrib) -एच -आर -एस /एस /डी’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. फोल्डर दिसायला लागतील. शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट फाइली डिलीट करा, डेटा काढून घ्या, मग पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा.

ब्राउझरच्या खोड्यांना व्हायरस समजणं

स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’ अशी चौकट दर पाच मिनिटांनी येते. हे बहुधा मालवेअर नसतं. कुठल्यातरी साइटवर सिनेमा किंवा निकाल शोधताना ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि परवानगीच्या यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. पूर्ण स्क्रीन अडवून फोन नंबर दाखवणारं पान आलं तर एस्केप दाबून धरा, नाहीतर ऑल्ट-एफ4. त्या नंबरवर फोन करू नका.

खरं ॲडवेअर असलं तर सर्च भलत्याच साइटवर जातो, काढलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) परत येतं, आणि घरच्या मशीनवरही क्रोमच्या मेनूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसते. काही अँटिव्हायरसमुळेही ती ओळ येते, म्हणून क्रोमचं पॉलिसी पान उघडून नेमकी कोणती सक्ती लावली आहे ते वाचा.

त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्येही तशाच जाहिराती येत असतील, आणि मोबाइल डेटावर गेल्यावर थांबत असतील, तर दोष राउटरचा. त्याची डीएनएस सेटिंग (साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुठे विचारायचा ते ठरवणारी) बदललेली असू शकते. राउटर रीसेट करा, फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि कंपनीने दिलेला ॲडमिन पासवर्ड बदला. अशा वेळी कॉम्प्युटर कितीही वेळा फॉरमॅट केला तरी फरक पडत नाही.

प्रत्येकच साइटवर ‘कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतंय? आधी घड्याळ बघा, चुकीच्या तारखेनेही हा इशारा येतो. लाइट गेली की तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 हा 3 व्होल्टचा सेल संपलाय.

नावाला घाबरणं, जागा न बघणं

टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्ट (svchost, विंडोजच्या सर्व्हिस चालवणारी प्रोसेस) साठ-सत्तर वेळा दिसलं म्हणून घाबरू नका. 2017 सालच्या विंडोज 10 आवृत्तीपासून 3.5 जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या चालतात. राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. सिस्टीम32 मध्ये असेल तर ठीक. ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटामध्ये असेल, किंवा स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर मागेपुढे असेल, तर तो तोतया.

कोणी सहसा न बघणारी एक जागा मात्र आवर्जून बघा: विंडोज सिक्युरिटीमधली ‘एक्स्क्लुजन्स’ची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची, यादी. तुम्ही काही घातलेलं नसताना तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा एखादा फोल्डर दिसला, तर कोणीतरी डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, डोळ्यावर पट्टी बांधली आहे. क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारे प्रोग्राम) आणि विंडोज ॲक्टिव्हेटर हे काम सर्रास करतात. नोंद काढा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे मालवेअरला लपता येत नाही.

रॅनसमवेअरनंतर घाईने फॉरमॅट

फाइलीच्या नावामागे नवीन शेपूट, फोटो उघडत नाही, टॅलीत कंपनी दिसत नाही, प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल. आडत दुकानदाराचं वर्षभराचं खातं त्या मशीनवर असतं, म्हणून इथे हात थरथरणं साहजिक आहे. तरी पहिलं काम एकच: नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, एक्स्टर्नल डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा. दुकानातली दुसरी मशीनं नेटवर्कवर असतील तर तीही तोडा.

खंडणीची चिठ्ठी डिलीट करू नका. ती वाचूनच जात कळते. घरगुती मशीनवर खूप दिसलेलं स्टॉप डेजाव्हू हे कुटुंब ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी सोडतं आणि 980 डॉलर मागतं, 72 तासांत दिले तर 490. चिठ्ठीतल्या पर्सनल आयडीच्या शेवटी ‘टी1’ असेल तर ऑफलाइन चावी (अनेक मशीनवर तीच असणारी) वापरलेली असते, आणि त्या चावीचा तोडगा एमसिसॉफ्ट कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरमध्ये (कोंडलेल्या फाइली सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असण्याची शक्यता असते. शिवाय हे मालवेअर फाइलचा सुरुवातीचा साधारण 150 केबी भागच कोंडतं, त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ किंवा मोठी झिप अंशतः वाचू शकते. फॉरमॅट मारलात की चिठ्ठी, आयडी आणि या फाइली सगळंच गेलं. आज तोडगा नसेल तर डिस्क काढून जपून ठेवा आणि नवीन डिस्कवर काम सुरू करा. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि भागीदारांच्या ‘नो मोअर रॅन्सम’ प्रकल्पात 2016 पासून मोफत तोडगे जमा होत आले आहेत. तक्रार 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा.

टॅलीचा सर्व्हर घरून चालवता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचं (मशीन दुरून चालवायच्या सोयीचं) 3389 हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं दार, सरळ इंटरनेटवर उघडं ठेवलं जातं. दुकानांमध्ये रॅनसमवेअर शिरण्याचा तो राजमार्ग आहे. ते बंद करा. आणि बॅकअपची डिस्क मशीनला कायम लावलेली असेल तर तीही कोंडली जाते. दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक नेहमी कपाटात. गूगल ड्राइव्हवर बिघडलेल्या फाइली चढल्या असतील तर 30 दिवसांच्या आत ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून जुनी प्रत काढता येते.

काहीच लक्षण नाही म्हणून गाफील राहणं

स्टीलर मशीनला धक्का लावत नाही. काही सेकंदांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतो आणि अनेकदा स्वतःला पुसून टाकतो. लक्षणं दिसतात ती खात्यांवर: परगावाहून लॉगिन झाल्याचा मेल, इन्स्टावरून भलतीच पोस्ट, यूट्यूब चॅनेलचं नाव बदललेलं. ओटीपी लावलेला असूनही हे होतं, कारण चोरलेली कुकी म्हणजे आधीच झालेलं लॉगिन. पासवर्ड लावलेल्या झिपमधून आलेला क्रॅक सेटअप, आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना, ही याची ओळखीची वाट.

माउस आपोआप हलत असेल तर प्रकार वेगळा. आधी चकचकीत काच आणि जुना माउस यांची शंका फेडा, मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हे मशीन दुरून चालवायचं सॉफ्टवेअर कायमच्या पासवर्डासह राहून गेलंय का ते बघा. सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर, या केंद्रांमध्ये कधीकाळी मदतीसाठी टाकलेलं असं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं तसंच असतं.

स्टीलरची शंका आली तर त्या मशीनवर बसून पासवर्ड बदलू नका. नेट तोडा, मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट करा, मग बँक, मग जीएसटी आणि सीएससीचे लॉगिन. त्यानंतर विंडोज नव्याने टाका, इथे ते खरंच लागतं. डेटा परत भरताना डाउनलोड्समधलं ते झिप आणि सेटअप तेवढे मागे सोडा.