डोंगरउताराची खडकाळ जमीन कशी वाचायची (माण-खटाव, आटपाडी, जतकडच्या लोकांसाठी)

डोंगराच्या अंगाला पाच-सहा एकर रान आहे, नुसता दगड दिसतोय, काय लावू? हा प्रश्न आपल्याकडं दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच आणि लगेच उत्तर मिळतं की डाळिंब लाव, सीताफळ लाव, जेसीबी लावून सपाट कर. माझं एकच म्हणणं आहे, आधी पहार आणि टिकाव घेऊन वर जा. उताराच्या रानात काय येईल हे वरचा दगड बघून कळत नाही, दगडाच्या खाली माती किती आणि तिच्यात पाणी किती दिवस टिकतं यावर सगळं ठरतं. हे बघायला एक-दोन दिवस लागतात आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

आमच्या चुलत्यांनी हे न बघता उताराचं रान सपाट करून घेतलं. वरची वीतभर माती होती ती खाली भरावात गाडली गेली आणि वर आला कच्चा मुरूम, तिथं पुढची चार वर्षं हुलगासुद्धा धड उगवला नाही. ते रान डोळ्यासमोर आलं की अजून जीव तुटतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा डोंगराकडं लांबून बघा. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, कडा, मग उतार, मग थोडी सपाटी, परत कडा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले त्यातनं हे झालं, आणि या खडकाला ट्रॅप म्हणतात तो शब्दपण पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरनंच आलाय. टणक काळा पाषाण असतो तिथं कडा राहतो आणि मऊ, भोकाभोकांचा, आपण मांजऱ्या म्हणतो तो दगड असतो तिथं झिजून उतार नायतर सपाटी तयार होते. माती थांबते ती या सपाटीवर. त्यामुळं एकाच गटात वरच्या कोपऱ्यात चार बोटं माती आणि खालच्या पट्टीत दोन फूट असं सर्रास असतंय.

आता इंटरनेटवर वाळवंटातल्या खडकाळ जमिनीचे व्हिडीओ बघून बरेच जण तसंच्या तसं इथं करायला जातात, म्हणून तो फरक सांगतो. अमेरिकेत युटा राज्याच्या दक्षिणेला वाळवंटी डोंगर आहेत, तिथंपण पायऱ्याच दिसतात पण दगड वेगळा, कडे सँडस्टोनचे आणि त्यांच्यामधले उतार शेलचे. सँडस्टोन म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेला दगड, तो झिजला की परत वाळूच होते. शेल म्हणजे चिखलाचा दगड, पापुद्र्या-पापुद्र्यांचा, तो भिजला आणि वाळला की फुटत जातो आणि त्याची चिकणमाती होते. पाऊस तिथं बऱ्याच जागी वर्षाला २५० मिलिमीटरच्या आतच, म्हणजे चुना, जिप्सम, क्षार धुऊन जायला पाणीच नाही, ते मातीतच साठतात. पालापाचोळा नाही म्हणून मातीचा रंग फिका, आणि उतार इतका उभा की माती तयार झाली तरी थांबत नाही. सँडस्टोन इथं जवळ बघायचा असेल तर बदामीला जा, तिथली लेणी लाल सँडस्टोनमध्येच खोदलेली आहेत. आपल्याकडनं बदामीजवळच्या बनशंकरीला जाणारे पुष्कळ आहेत, तिथं गेलात की पायाखालची माती मुठीत घेऊन बघा, वाळू हाताला लागते.

पण त्या वाळवंटातनं शिकण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तिथं सँडस्टोनच्या भेगांमध्ये आणि वाळूच्या खिशांमध्ये झाडं येतात आणि चिकणमातीचे शेलचे उतार मात्र उघडेबोडके राहतात. भरपूर पावसाच्या मुलखात आपण म्हणतो भारी म्हणजे चिकण काळी जमीन चांगली, पण पाऊस कमी असला की उलटं होतं, थोडक्या पावसाचं पाणी रेताड मातीत पटकन खाली उतरतं आणि उन्हापासनं वाचतं, चिकणमातीवर मात्र ते वरच्या वर राहतं, खापरी धरते आणि बाकीचं वाहून जातं. सातारा जिल्ह्यातच बघा, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. मग हलक्या माळावरची बाजरी दोन चांगल्या सरींवर उभी राहते आणि शेजारचं काळं रान अजून नीट भिजलेलंसुद्धा नसतं, हे आपण बघतोच की. म्हणून खडकाळ आहे एवढ्यावरनं रानाला नावं ठेवू नका.

आता प्रत्यक्ष काम. एप्रिल-मेमध्ये तीन खड्डे घ्या, एक वर, एक मध्ये, एक पायथ्याला. दोन फूट लांब-रुंद आणि कातळ लागेपर्यंत खोल, नाही लागला तर तीन फुटांवर थांबा. खड्ड्याची एक बाजू खुरप्यानं तासून सरळ करा आणि बघा, वरची माती कुठपर्यंत, मग मुरूम, मग कातळ. मुरूम पहारीनं भुगा होतोय का ठणठण वाजतोय हे बघा, कारण भुसभुशीत मुरमात झाडाची मुळं जातात, ठणठण्यात नाही. खड्ड्यात आसपासच्या तरवडाची नायतर बोरीची मुळं दिसली तर ती किती खोल गेलीत ते मोजा, ती खरं सांगतात. कातळाला भेगा असतील तर चांगलं, अखंड असेल तर फळझाडाचा नाद तिथं सोडा आणि गवत राखा.

खड्ड्यातले चार-पाच दगड उलटे करून खालची बाजू बघा. पांढरा थर बसलेला असेल तर तो चुना, पाणी वरनं चुना घेऊन येतं आणि दगडाच्या पोटाला सोडून वाळून जातं. खात्री करायला व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका, फसफसलं की चुनाच, गारगोटी असेल तर काही होत नाही. चुनखडी जास्त असली की पिकाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, उसात आपण केवडा पडला म्हणतो तोच प्रकार. असं असेल तर माती परीक्षणाला नमुना देताना मुक्त चुना आणि क्षारता दोन्ही तपासून मागा.

मग दगडाचा हिशोब, हा कोणी करत नाही. खड्ड्यातनं एक बादली माल काढा आणि साधारण २ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळा, चाळणीवर राहील तो खडा-दगड, खाली पडेल ती खरी माती. दगड पाण्याच्या बादलीत सोडून पाणी किती वर चढलं बघा, म्हणजे दगडानं जागा किती खाल्ली ते कळेल. समजा खोली ४५ सेंटीमीटर आहे आणि निम्मी जागा दगडाची, तर तुमच्याकडं माती फक्त २२ सेंटीमीटरच आहे. मध्यम माती सेंटीमीटरला साधारण दीड मिलिमीटर उपयोगी पाणी धरते, म्हणजे झाले ३३ मिलिमीटर, आणि कडक उन्हाळ्यात चांगलं वाढलेलं पीक दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज ओढतं. आठवडाभरात खजिना रिकामा. हा आकडा हातात असला की ठिबकचं पाणी किती दिवसाआड द्यायचं हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि अशा रानात एकदम भरपूर पाणी सोडण्यात काही अर्थ नाही हेपण कळतं, ते सरळ मुरमात जातं.

चाळलेल्या मातीतली मूठभर पारदर्शक बाटलीत टाका, पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा म्हणजे वाळूपेक्षा बारीक गाळ दोन-तीन तासांत, चिकणमाती दिवस-दोन दिवस तरंगत राहते. थर पट्टीनं मोजले की कशाचा वाटा किती ते कळतं. पाणी मुरण्याची परीक्षा पण सोपी, फूटभर खड्डा पाण्यानं भरा, मुरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती खाली जातं ते मोजा, पहिल्या वेळचा आकडा धरू नका कारण कोरडी माती ढसाढसा पाणी पिते.

उतार मोजायला दहा फुटी सरळ पाइप घ्या, एक टोक वर जमिनीला टेकवा, गवंड्याच्या लेव्हलनं पाइप सपाट धरा आणि खालच्या टोकापासनं जमिनीपर्यंत किती फूट ते मोजा. दोन फूट आलं तर उतार २० टक्के. एवढ्या उतारावर नांगर घालू नका हो, एका वळवात सगळं खाली जाईल. तिथं समपातळीत, म्हणजे उताराला आडवे एकाच उंचीवर, चर घ्या, ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० खोल, माती खालच्या अंगाला टाका आणि त्या भरावावर पवना नायतर मारवेल गवत लावा. २०१६ ला कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं आणि २०१८ ला माणमधल्या टाकेवाडीनं पाणी फाउंडेशनची गावागावांतली वॉटर कप स्पर्धा जिंकली तेव्हा गावानं श्रमदानानं असेच चर खणले होते, जाऊन बघून या.

आणि दगड वेचून रान मोकळं करायची घाई करू नका. वरचे दगड थेंबाचा मार अंगावर घेतात आणि खालची ओल झाकतात, फार मोठे असतील तेवढेच उचलून समपातळीत ताल म्हणजे दगडी बांध घाला. सीताफळ, बोर, आवळा मुरूम भुसभुशीत असलेल्या जागीच लावा, पायथ्याच्या खोल पट्टीत बाजरी, मटकी, हुलगा घ्या.

खड्डे लगेच बुजवू नका. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन रानात जा आणि पाणी कुठनं येतं, कुठं गढूळ होतं, कुठल्या खड्ड्यात साठतं आणि दुसऱ्या दिवशी किती उरतं हे वहीत लिहून ठेवा. तोपर्यंत खड्ड्यांवर बाभळीचे काटे टाकून ठेवा, मेंढरं पडतात.