पेन टॅब्लेट आणि लिनक्स मिंट: ड्रायव्हर शोधायच्या आधी

शाळेत ड्रॉइंग शिकवत होते तेव्हापासून एक पाहतेय. मुलं चित्राला हात घालायच्या आधी पेन्सिलींना टोक काढत बसतात. पेन टॅब्लेट, म्हणजे पेन फिरवलं की संगणकावर रेघ उमटवणारी पाटी, विकत घेतलेली मोठी माणसंही तेच करतात. खोका उघडला की पहिला प्रश्न, ‘लिनक्सचा ड्रायव्हर (संगणकाला ती वस्तू ओळखायला लावणारा प्रोग्राम) कुठून उतरवू?’ बहुतेकांना तो उतरवावाच लागत नाही. खरी गडबड असते ती पुढे, मापात आणि दाबात.

माझ्याकडे ‘वन बाय वॅकॉम’चा छोटा टॅब्लेट आहे, मॉडेल सीटीएल-४७२. लॅपटॉप जुनाच, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा सिनॅमन नावाचा डेस्कटॉप. केबल लावा आणि पेन टॅब्लेटच्या वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर अधांतरी धरून फिरवा. स्क्रीनवरचा बाण हलला? मग काहीही इन्स्टॉल करू नका. वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच असतो, आणि कोणतं मॉडेल केवढं, त्याला बटणं किती, ही माहिती ‘लिबवॅकॉम’ नावाच्या लायब्ररीत असते. दोन्ही मिंटसोबतच येतात.

बाण हलला नाही तर आधी केबलवर संशय घ्या. घरात पडलेल्या मोबाइलच्या केबलींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. टॅब्लेटचा दिवा लागतो, म्हणून आपण केबलला निर्दोष सोडतो. खोक्यातलीच केबल घ्या आणि हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. मग टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येईल. वॅकॉमच्या ओळीत ०५६ए हा आकडा असतो, ह्युऑनच्या बहुतेक टॅब्लेटवर २५६सी, एक्सपी-पेनवर २८बीडी. ही ओळच नसेल तर दोष केबलचा, पोर्टचा नाहीतर टॅब्लेटचा. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

वॅकॉमच्याच इंट्युओस मालिकेचा टॅब्लेट असणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सीटीएल-४१०० सारखे टॅब्लेट अँड्रॉइड फोनलाही जोडता येतात, आणि कधीकधी ते लिनक्सलाच फोन समजून त्या मोडमध्ये जातात. मग पेन स्क्रीनच्या एखाद्या पट्टीतच फिरतं किंवा दाब कळत नाही. वरच्या चार बटणांपैकी कडेची दोन एकदम तीन-चार सेकंद दाबून धरा, दिवे बदलतील आणि स्वारी ताळ्यावर येईल.

ह्युऑन आणि एक्सपी-पेनच्या पुष्कळ मॉडेलांना कर्नल ओळखतं. त्यामागे ‘डिजिमेंड’ या लिनक्ससाठी टॅब्लेटचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रकल्पाची मेहनत आहे. तरी पेन अर्धवट चालत असेल तर दोन वाटा आहेत. एक, त्या कंपन्यांचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर. दुसरी, ‘ओपनटॅब्लेटड्रायव्हर’ हा मुक्त स्रोत प्रोग्राम. मी दुसरी सुचवते, कारण त्यात टॅब्लेटचा कुठला भाग स्क्रीनच्या कुठल्या भागाला जोडलाय ते चौकोन काढून समोर दाखवलेलं असतं. पण दोन्ही एकदम ठेवू नका. एका पेनावर दोन मालक झाले की बाण उड्या मारतो.

आता मापाचं. हे कुणी करत नाही आणि मग ‘टॅब्लेटवर हात बसत नाही’ म्हणून तो कपाटात जातो. डब्याचं प्लॅस्टिकचं गोल झाकण टॅब्लेटवर ठेवा आणि त्याच्या कडेने पेन फिरवा. स्टीलची वाटी नको. या पेनात बॅटरी नसते, टॅब्लेटच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच त्याला ऊर्जा मिळते, आणि धातू जवळ आला की ते बिघडतं. याच कारणासाठी लोखंडी टेबलावरही टॅब्लेट ठेवू नये.

स्क्रीनवर काय उमटलं ते पाहा. वर्तुळ नाही, आडवं अंडं. माझ्या टॅब्लेटची चित्र काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे १६:१०. स्क्रीन १९२० बाय १०८०, म्हणजे १६:९. सहा सेंटीमीटरचं झाकण स्क्रीनवर आडवं ७५८ पिक्सेल आणि उभं ६८२ पिक्सेल होतं. एवढा फरक डोळ्याला लगेच खटकत नाही, पण चेहरा काढताना गाल रुंद होतात आणि दोष आपण आपल्या हाताला देतो.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘ग्राफिक्स टॅब्लेट’ म्हणून भाग आहे, तिथे प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय चालू करा. त्याने जमलं नाही तर टर्मिनलमधून. आज्ञेचं नाव ‘एक्ससेटवॅकॉम’ (एक्स-एस-ई-टी-डब्ल्यू-ए-सी-ओ-एम), टाइप करायचं सलग, लहान इंग्रजी लिपीत. आधी या नावापुढे ‘लिस्ट डिव्हायसेस’ इंग्रजीत लिहून यादी मागवा. ज्या ओळीत ‘स्टायलस’ आहे ते नाव जसंच्या तसं उचला. मग एक्ससेटवॅकॉम, सेट, अवतरणचिन्हांत ते नाव, एरिया (यातलं पहिलं अक्षर मोठं), आणि शेवटी चार आकडे: ० ० १५२०० ८५५०, अर्थात इंग्रजी अंकांत. हिशोब सोपा आहे. टॅब्लेट मिलिमीटरचे शंभर भाग मोजतो, म्हणून १५२ चे १५२००; आणि १५२०० ला ९ ने गुणून १६ ने भागलं की ८५५०. खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वाया जाते, तिथे मी कागदी चिकटपट्टी लावलीये. झाकण पुन्हा फिरवा, आता गोल येईल.

दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर टॅब्लेट दोन्ही स्क्रीनवर ताणला जातो आणि अंडं फारच लांबतं. त्याच सेटिंगमध्ये एकच मॉनिटर निवडा.

एक्ससेटवॅकॉमची आज्ञा केबल काढली किंवा लॅपटॉप बंद केला की विसरली जाते. ती ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये टाकून ठेवा. आणि ही आज्ञा फक्त एक्स-११ वर चालते, म्हणजे लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर. मिंट सिनॅमन साधारणपणे त्यावरच सुरू होतं. उबुंटू हे दुसरं लिनक्स मात्र हल्ली वेलँड या नव्या यंत्रणेवर, तिथे यादीच रिकामी येते. वेलँडवर असाल तर ग्नोम किंवा केडीई, जो तुमचा डेस्कटॉप असेल, त्याच्या सेटिंग्जमधूनच सगळं करा.

राहिला दाब. क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये तो आपोआप लागतो. सेटिंग्जच्या टॅब्लेट विभागात एक टेस्टर आहे, त्यात रेघ ओढली की दाबाचे आकडे पळताना दिसतात. तिथेच एक वक्ररेषा आहे. इलेमेंटरीच्या परीक्षेला कागदाला मागून उठाव येईल इतकं दाबणारी मुलं असायची, तसा हात असेल तर रेषेचा मधला भाग थोडा खाली ओढा. हलक्या हाताला उलट, वर. दाबाच्या २०४८ पातळ्या की ८१९२, यावर दुकानात वाद घालू नका. या रेषेने जेवढा फरक पडतो तेवढा त्या आकड्याने पडत नाही.

गिंप या दुसऱ्या चित्रांच्या प्रोग्रामच्या २.१० आवृत्तीत पेन चालतं पण रेघ एकाच जाडीची येते. ‘एडिट’ मेनूत ‘इनपुट डिव्हायसेस’ उघडा, स्टायलसचा मोड ‘डिसेबल्ड’ असतो तो ‘स्क्रीन’ करा आणि सेव्ह करा. मग ब्रशच्या डायनॅमिक्समध्ये ‘प्रेशर साइज’ निवडा. टॅब्लेट आधी जोडायचा, गिंप नंतर उघडायचं. उलट केलंत तर यादीत स्टायलस दिसेलच असं नाही.