पोराचे डोळे आणि फडताळातली अर्धी बाटली : या चुका टाळा

मार्च सरताना जळगाव-धुळ्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, रानात नुसता फुफाटा उडतो आणि पोरं डोळे चोळायला लागतात. ‘पोऱ्याना डोया उनात,’ म्हणजे पोराचे डोळे आले, म्हणत आजी फडताळातून गेल्या उन्हाळ्यातली थेंबांची अर्धी बाटली काढते. चूक तिथूनच सुरू होते.

एकतर उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते. आणि मुख्य म्हणजे, हे डोळे आलेलेच नसतात! डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, घरात दोघातिघांना लागण होते, आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. इथे दर उन्हाळ्यात तेच पोर, अनावर खाज, तारेसारखा ओढला जाणारा चिकट स्राव, दोन्ही डोळे लाल. ही ॲलर्जी. साधारण 5 ते 15 वयात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. ती कुणाला लागत नाही.

मेडिकलवरून नुसतं ‘डोळे लाल झालेत’ सांगून आणलेल्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. एका दिवसात खाज थांबते, म्हणून सगळ्यांना ते रामबाण वाटतं. महिनोन्‌महिने तेच घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपलीकडे एक थेंबही नको. खाजेवर गार पाण्याची पट्टी ठेवा, उन्हात टोपी-गॉगल द्या. चोळणं मात्र थांबवाच, त्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पाणी गळतं, त्यावर काजळ किंवा अंगावरचं दूध घालतात. दोन्ही नको, काजळात शिसं असू शकतं आणि दुधाने जंतू वाढतात. बहुधा नाकाकडे जाणारी अश्रूंची नळी उघडलेली नसते. नाकालगतच्या कोपऱ्यात स्वच्छ बोटाने दाबून खालच्या दिशेने मालिश करायची. डॉक्टरांकडून एकदा हात बसवून घ्या. दहातल्या नऊ बाळांचं वर्षाच्या आत सुटतं. जन्मानंतर पहिल्या 28 दिवसांत पू आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. आणि पाण्यासोबत बाळ उजेडाला डोळे मिटत असेल, बुबुळ मोठं, धुरकट दिसत असेल, तर ‘किती टपोरे डोळे!’ म्हणून कौतुक करत बसू नका. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो, त्याला ऑपरेशन लागतं.

रांजणवाडीवर लवंग-लसूण घासू नये, ती फोडूही नये. दिवसातून तीन-चार वेळा कोमट शेक पुरतो.

पण पापणी सुजून लाल झाली, ताप आला, त्यात डोळा बाहेर आल्यासारखा दिसतोय किंवा फिरवताना दुखतोय, तर रात्रीसुद्धा निघा. सर्दीतला, सायनसमधला संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरलेला असतो, तो मेंदूपर्यंतही जाऊ शकतो.

जन्मापासून पडलेली पापणी ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणून सोडतात. बघायला मेंदू साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच शिकतो. बाहुली झाकलेली राहिली तर पुढे पापणी उचलूनही नजर मंदच राहते.

चुन्याची ट्यूब दाबून खेळताना डोळ्यात पिचकारी गेली, तर आधी तेल-तूप शोधू नका. जवळ असेल ते स्वच्छ पाणी घ्या, पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास धुवा, पापणीआडचे चुन्याचे कण निघू द्या, मगच गाडी काढा. वाटेतही धुवत राहा. विहिरीवर असाल तर मोटार चालू करा, पण धार थेट डोळ्यावर नको, ओंजळीने.