जुनी राय व्हिस्की चाखताना

अमेरिकी कायद्यानुसार राय व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात किमान 51 टक्के राय हे धान्य असावे लागते आणि ती ओकच्या, आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे दहा-बारा वर्षे मुरलेल्या बाटलीत धान्याचा तिखटपणा टिकून आहे की लाकडाने त्याच्यावर मात केली आहे, हेच चाखताना आधी पाहावे. तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या पेल्यात जेमतेम 20 मिलिलिटर ओतून ती दहा मिनिटे तशीच राहू द्यावी आणि मग ओठ किंचित विलग ठेवून वास घ्यावा, म्हणजे अल्कोहोलचा झोंबरा दर्प नाकात भरत नाही आणि मिरी, लवंग, पुदिना, क्वचित शेपूसुद्धा, असे वास एकेक करून उलगडतात. पहिला घोट केवळ जिभेला सराव व्हावा म्हणून असतो; मत दुसऱ्या घोटावर बनवावे. अल्कोहोल 50 टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर साधे पाणी थेंबाथेंबाने घालावे. बर्फ मात्र टाळावा, कारण गारठ्याने सुगंध मिटतो (सोड्याचे तर नावच काढू नये). गिळल्यानंतर हिरड्या कोरड्या पडून उकळलेल्या चहासारखा तुरटपणा रेंगाळला, तर लेबलावर वय कितीही छापलेले असो, ती पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिली असे खुशाल समजावे.