फर्स्ट एडमधल्या या चुका टाळा: काहीतरी करायच्या नादात होणारे घोळ

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हातावर उकळतं पाणी सांडलं. किटली निसटली, बाकी काही नाही. मी हात नळाखाली धरला, दोनेक मिनिटांत आग जरा कमी झाली तसा काढून घेतला, मग कोणीतरी बर्फ आणला तो चोळला, मग कोणाला तरी आठवलं की टूथपेस्टने गार वाटतं म्हणून तीही थापली, आणि एवढ्या सगळ्या धावपळीत बोटातली अंगठी काढायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. तासाभरात बोट टम्म फुगलं. दवाखान्यात नर्सने विचारलं, "पाणी किती वेळ घेतलं हातावर?" मी म्हटलं, भरपूर. "भरपूर म्हणजे किती मिनिटं?" मी गप्प. मग तिने आधी अंगठी कापली आणि नंतर ती वाळलेली पेस्ट भिजवून भिजवून काढत बसली, आणि खरं सांगते, भाजताना ओरडले नव्हते एवढी तेव्हा ओरडले.

त्यानंतर फर्स्ट एडचा कोर्स केला आणि तिथे बसून कळलं की आपल्या बहुतेक चुका माहिती नसल्यामुळे होतच नाहीत, आपल्याला नुसतं एक काम धरून बसवत नाही म्हणून होतात. खरंच उपयोगी पडणारी गोष्ट बहुतेक वेळा साधी आणि कंटाळवाणी असते, ती घड्याळ लावून पूर्ण वेळ करायची असते, आणि आपण ती अर्ध्यात सोडून दुसरं काहीतरी करायला उठतो.

भाजलं की 20 मिनिटं. दोन नाही, पाच नाही

नळाचं गार वाहतं पाणी, 20 मिनिटं, मोबाईलवर टायमर लावून. आग थांबली म्हणजे काम झालं असं नाही, कातडीत साठलेली उष्णता आतल्या थरांना भाजत राहते, ती काढायला एवढा वेळ लागतो. लगेच जमलं नाही तर तीन तासांच्या आत कधीही सुरू करा, तरी फायदा होतो. बर्फ का नाही, तर त्याने रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच जखमी झालेल्या कातडीला मिळणारं रक्तही कमी होतं. टूथपेस्ट, तेल, बटर, पावडर यातलं काहीही लावलं की उष्णता आत अडकते आणि नंतर डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. अंगठी, घड्याळ, बांगडी पहिल्या मिनिटात काढा, सूज आल्यावर निघत नाही (माझ्याकडे पुरावा आहे, दोन तुकड्यांत). कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही, आजूबाजूचा काढायचा. फोड फोडायचा नाही. लहान मूल असेल तर भाजलेल्या भागावरच पाणी घ्या आणि बाकी अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर पोर गारठतं. नंतर वरून स्वच्छ क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) सैलसर ठेवायची, गुंडाळायची नाही.

चेहरा, हात, सांधा, जननेंद्रिय, किंवा ज्याला भाजलंय त्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल तर दवाखान्यातच. केमिकल आणि करंटचं भाजणं तर कितीही छोटं दिसलं तरी, कारण करंटने बाहेर ठिपका आणि आत भलतंच नुकसान असं होऊ शकतं. करंट लागलेल्या माणसाला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद. हे वाचताना कोणालाही पटतं, समोर आपलं माणूस तडफडत असताना मात्र हात आपोआप पुढे जातो.

घोळणा फुटला की डोकं मागे नाही

डोकं मागे टाकलं की रक्त थांबत नाही, ते घशात जातं, पोटात गेलं की उलटी होते, आणि सगळे आणखी घाबरतात. पुढे वाकून बसायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा, वरचं हाड नाही, तोंडाने श्वास घ्यायचा, आणि 10 ते 15 मिनिटं सोडून बघायचं नाही. दर मिनिटाला "थांबलं का बघू" करत सोडलं की नुकती धरलेली गाठ निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. एवढं करूनही थांबलं नाही किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दवाखाना.

जखमेचंही अगदी तेच. स्वच्छ कापड ठेवायचं आणि जोर लावून दाबून धरायचं. कापड भिजलं तर ते काढायचं नाही, त्यावर दुसरं ठेवायचं आणि आणखी जोर लावायचा. आत काच किंवा सळई रुतली असेल तर उपटायची नाही, तीच कधीकधी बूच बनून बसलेली असते, आजूबाजूने दाबा. हातापायातून रक्त अक्षरशः उसळत असेल आणि दाबूनही ऐकत नसेल तेव्हाच वर पट्टा आवळायचा, जखमेच्या साधारण 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचं. एकदा बांधला की दवाखान्यात पोचेपर्यंत सोडायचा नाही, मध्ये मध्ये ढिला करून बघणं ही पण डोकावून बघायचीच खोड.

आचके म्हणजे श्वास नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे होणारी चूक सगळ्यात महागात पडते. माणूस अचानक कोसळला, हाक मारून, खांदे हलवून उठत नाही, पण मधूनमधून तोंड उघडून मोठा घरघरता श्वास घेतोय. आजूबाजूचे म्हणतात, श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नसतो. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं असे आचके येऊ शकतात, ती मेंदूची शेवटची धडपड असते. उठत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू. हे ठरवायला 10 सेकंदांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत आणि नाडी शोधत बसायचं नाही, घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते. सीपीआर नसेल तर वाचायची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घसरत जाते, त्यामुळे "अँब्युलन्स येतेच आहे" म्हणून थांबण्यात काही अर्थ नाही.

कोर्समध्ये मला वाटलं होतं हे सोपं असणार. डमीच्या छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची मनगटाकडची बाजू ठेवली, दुसरा हात वर, कोपर सरळ, आणि दाबलं. काहीच आवाज आला नाही. शिकवणारे म्हणाले, "तुम्ही कुरवाळताय, दाबा." पुरेसं खोल गेलं की डमी टक् असा आवाज करायची, आणि तो आवाज यायला मला गुडघ्यांवर उठून पूर्ण वजन टाकावं लागलं. मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण वर येतानाच हृदयात रक्त भरतं. मिनिटभरातच माझे खांदे भरून आले आणि टक् येणं बंद झालं, मला मात्र वाटत होतं मी तेवढ्याच जोरात दाबतेय. म्हणून दुसरं कोणी असेल तर दर दोन मिनिटांनी बदली करा. बरगडी मोडेल याची भीती सगळ्यांना असते, आणि हो, मोडते कधीकधी, पण मोडलेली बरगडी जुळते.

शिकला असाल तर 30 दाब आणि 2 श्वास, नसाल तर नुसते दाब चालू ठेवा, मोठ्या माणसात तेवढ्यानेही खूप फरक पडतो. लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांच्यात मात्र मुळात हवाच कमी पडलेली असते, तिथे श्वास द्यायला हवेतच. एईडी मशीन (हृदयाला शॉक देणारं) जवळ असेल तर आणायला पाठवा, घाबरू नका, चालू केलं की ते स्वतः बोलून सांगतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. चूक होते ती ही की मशीन आलं की सगळे त्याच्याभोवती जमतात आणि छाती दाबायची थांबते. एकाने पॅड चिकटवायचे, दुसऱ्याने दाबत राहायचं, मशीन सांगेल तेव्हाच हात काढायचे.

जाता जाता, छाती बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे 1960 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या तिघांनी मांडलं, आणि त्यातले कूवेनहोवेन डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. तेव्हा "मी काय डॉक्टर आहे का" हे कारण चालत नाही.

घशात अडकलं, फिट आली

ठसका लागलेला माणूस जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीत गुद्दे घालू नका, पाणी पाजू नका. खोकल्याइतकं चांगलं औषध त्या क्षणी नाही. आवाज बंद झाला, खोकता येईना, हात गळ्याकडे गेला, मग उठा. पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे 5 जोरदार थापा, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे 5 हिसके, पुन्हा थापा, आलटून पालटून. गरोदर बाईला पोटावर नाही, छातीवर. एक वर्षाच्या आतल्या बाळालाही पोटावर कधीच नाही, मांडीवर पालथं, डोकं खाली, 5 थापा, मग उताणं करून दोन बोटांनी छातीवर 5 दाब. आणि तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, वस्तू दिसत असेल तरच काढायची, नाहीतर ती अजून आत ढकलली जाते.

फिट आली की दातखीळ सोडवायला चमचा घालतात. दात तुटतात, बोट तुटतं, आणि जीभ गिळली जाते ही समजूतच खोटी आहे. हातपाय धरून ठेवू नका, टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर अँब्युलन्स. थांबल्यावर कुशीवर वळवायचं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. (चक्कर येऊन पडलेल्यालाही तसंच, लगेच उठवून बसवायचं नाही, आडवं ठेवून पाय वर करा.)

जिथे थांबायचंच नाही

इथे उलटी चूक होते. बाकी ठिकाणी आपल्याला धीर नसतो आणि इथे नको तेवढा असतो. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात उचलला जात नाही, बोलणं लडबडतंय, आणि घरचे म्हणतात जरा झोपू दे, थकवा असेल. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास मोजतात माणूस शेवटचा ठीक कधी दिसला तिथपासून. ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच विचारतील. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, स्ट्रोक रक्तस्रावाचाही असू शकतो आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही. खायला प्यायलाही काही नाही, कदाचित गिळता येत नसतं.

हार्ट अटॅकमध्ये मात्र अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो, 300 मिलिग्रॅमची गोळी चावून, अ‍ॅलर्जी नसेल तर, आणि अँब्युलन्सला फोन केल्यावर, आधी नाही. अर्धवट बसलेलं ठेवा, चालवू नका, आणि त्याला स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ देऊ नका. सिनेमात दाखवतात तशी छाती धरून कोसळणारी केस दर वेळी नसते. बायकांमध्ये आणि डायबिटीस असलेल्यांमध्ये नुसता दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, दरदरून घाम एवढंच असू शकतं, आणि ते अ‍ॅसिडिटी म्हणून तासन्‌तास अंगावर काढलं जातं.

काही विषारी पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. फिनाईल, अ‍ॅसिड जाताना जेवढं जाळतं तेवढंच येताना जाळतं, आणि रॉकेल, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर आणखी वाईट. बाटली सोबत न्या, नुसतं "ते निळं काहीतरी होतं" सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

फोन करतानाचा घोळ

सगळे एकदम ओरडतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने फोन केला असेल. "कोणीतरी फोन करा" म्हणू नका, एकाकडे बोट दाखवा, "तुम्ही, निळा शर्ट, फोन लावा आणि मला येऊन सांगा." फोन स्पीकरवर, आणि सगळ्यात आधी पत्ता, मग काय झालं ते. लाईन तुटली तरी गाडी निघते. आपण आधी कथा सांगतो आणि पत्त्याला येईपर्यंत धाप लागते. पलीकडचा माणूस ठेवा म्हणत नाही तोवर ठेवायचा नाही, बऱ्याच ठिकाणी तेच छाती कशी दाबायची ते फोनवर मोजून सांगतात. एक माणूस खाली गेटवर उभा, लिफ्ट अडवून धरायला दुसरा. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा फोटो मोबाईलमध्ये आत्ताच काढून ठेवा, कारण "एक पांढरी छोटी, एक गुलाबी" हे मी स्वतः इमर्जन्सीच्या टेबलासमोर उभी राहून सांगितलंय, आणि समोरच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं.